सीता अशोकाची नवी पानं लोंबकळतायत, रोप जगेल का? (लागवड, निगा आणि बाकी सगळं)

मातीतली बोटं

नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात सीता अशोकाचं रोप लावलं, तेव्हा दोनेक फूट उंच होतं. त्यानंतर कितीतरी महिने ते जैसे थे, एक नवं पान नाही की फांदी नाही, मी रोज सकाळी जाऊन शेंडा बघायचे आणि परत यायचे. गेल्या आठवड्यात शेंड्यातून बोटभर लांब टोकदार कोंब आला, मला इतका आनंद झाला, दोन दिवसात तो उघडला आणि त्यातून पानांचा अख्खा झुबका बाहेर पडून सरळ खाली लोंबकळायला लागला. रंग तांबूस जांभळट, हातात घेतली तर ओल्या रेशमी कापडासारखी मऊ, ताठपणा म्हणून नाही. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून सकाळ संध्याकाळ दोन्ही वेळ पाणी घालतेय, कालपासून थोडं खतही घातलंय पण काही फरक नाही. शिवाय खालच्या जुन्या पानांची टोकं तपकिरी होऊन कुरकुरीत झालीयत. फोटो जोडलेत. हे रोप मला गमवायचं नाहीये, खूप शोधून मिळालंय. काय करू?

ओढ्याकाठी

ताई, सगळ्यात आधी पाणी थांबवा आणि खत घातलेली वरची माती हलक्या हाताने काढून टाका. तुमचं रोप मरत नाहीये, वाढतंय!

फोटो बघितले. सीता अशोकाची कोवळी पालवी अशीच येते, दरवेळी, शंभर वर्षांच्या झाडालाही. हे झाड पानं आधी पूर्ण लांबीची करून घेतं आणि त्यांना ताठपणा आणि हिरवा रंग नंतर देतं. म्हणून सुरवातीला ती वाळत घातलेल्या ओढणीसारखी लटकतात. तो तांबडा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, हरितद्रव्य अजून तयार व्हायचं असतं. दोन तीन आठवडे धीर धरा, आधी तांबूस मग फिकट तपकिरी गुलाबी मग पोपटी आणि शेवटी गडद चकचकीत हिरवी, आणि हिरवी होता होता देठ आपोआप वर उचलला जातो. संस्कृतात याला ताम्रपल्लव म्हणतात ते याच पालवीमुळे.

खरा धोका तुम्ही दोन वेळा घालताय त्या पाण्याचा आहे. मुळांना ओल लागते तशी हवाही लागते, माती सतत चिखल राहिली तर मुळं गुदमरून कुजतात, आणि मुळं कुजली की पानं खरोखर मरगळतात, मग माणूस अजून पाणी घालतो. बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा, आत गार ओलसर लागलं तर पाणी घालायचं नाही.

गच्चीबाग

ओढ्याकाठी, हे मला बऱ्याच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर माझं पहिलं रोप वाचलं असतं. मीही हेच केलं, लोंबणारी पानं बघून पाण्याचा मारा केला, शेवटी उपटलं तेव्हा मुळं काळी पडून बुळबुळीत झाली होती आणि कुबट वास येत होता.

ताई, मरगळलेलं पान आणि कोवळं पान यातला फरक हाताला कळतो. कोवळं पान तुकतुकीत, भरलेलं आणि थंड लागतं. पाण्याअभावी मरगळलेलं पान निस्तेज असतं, कडा आत वळतात, आणि मुख्य म्हणजे जुनी हिरवी पानंसुद्धा खाली पडतात. तुमच्या फोटोत जुनी पानं व्यवस्थित ताठ आहेत, म्हणजे पाण्याची तक्रार नाही.

मातीतली बोटं

इतका जीव भांड्यात पडला म्हणून सांगू! पाणी बंद केलं, वरचा थर काढला. बोट घालून बघितलं तर खरंच आत चिखल आहे. मग टोकं कशामुळे जळतायत?

ओढ्याकाठी

पाणी बोअरचं आहे का? आणि दुपारनंतरचं ऊन येतं का तिथे?

मातीतली बोटं

हो, दोन्ही. बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. ऊन साधारण बारा ते सूर्यास्तापर्यंत थेट.

ओढ्याकाठी

मग तेच. हे झाड मुळात सदाहरित जंगलातलं, सह्याद्रीत ओढ्या-नाल्यांच्या काठाला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. मी पहिल्यांदा जंगलात बघितलं ते असंच, पाण्यापासून चार पावलांवर, वर इतका दाट छत की दुपारी बारालासुद्धा जमिनीवर उन्हाचे नुसते ठिपके, पायाखाली घोटाभर कुजलेला पाला आणि त्या पाल्यातून डोकावणारी त्याचीच पिल्लं. ते चित्र डोळ्यासमोर ठेवलं की निगा कशी करायची ते वेगळं शिकावं लागत नाही. म्हणजे ओल हवी पण साचलेलं पाणी नको, काठावर पाणी वाहतं आणि निचरा होतो. लहानपणी सावली हवी. माती पालापाचोळ्याची, भुसभुशीत. आणि कोरडा गरम वारा अजिबात नको.

टोकं जळतात ती दोन कारणांनी. जड पाण्यातले क्षार मातीत साठत जातात आणि पानाच्या टोकाशी जाऊन गोळा होतात, आणि कोरड्या वाऱ्यात पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळं पुरवू शकत नाहीत. उपाय म्हणजे पश्चिमेच्या बाजूला हिरवी शेडनेट लावा पहिली दोन तीन वर्षं, खोडापासून चार बोटं जागा सोडून बुंध्याभोवती वाळक्या पानांचा वीतभर जाड थर द्या, आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी घाला. पावसाळ्यात तर हे क्षार आपोआप धुऊन जातात. जळलेली टोकं कापत बसू नका, ती परत हिरवी होत नाहीत पण उरलेलं पान काम करतंच असतं.

आणि रासायनिक खत नको, क्षारांत भर कशाला. वर्षातून दोनदा घमेलंभर कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत, पावसाच्या आधी आणि पाऊस संपताना, बास.

पायवाट

मधेच विचारतो, माफ करा. सीता अशोक म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात ते उंच सरळसोट झाड ना? त्याला एवढी निगा लागते? आमच्याकडे दहा आहेत, कुणी बघतही नाही त्यांच्याकडे.

गच्चीबाग

पायवाट, नाही. ते आसुपालव, लोक त्यालाच अशोक म्हणतात, काही जण हिरवा अशोक किंवा खोटा अशोक म्हणतात. ते सीताफळाच्या कुळातलं आणि सीता अशोक शेंगांच्या कुळातला, म्हणजे चिंच, बहावा यांचा भाऊबंद. नावापलीकडे दोघांचं काही नातं नाही. आसुपालव वाईट झाड आहे असं मुळीच म्हणत नाहीये, त्याच्या फळांवर वटवाघळं येतात, पक्षी येतात, पण औषधात ज्या अशोकाची साल सांगितलीय तो हा नव्हे.

माझी तर यात फसगत झालीय. एका नर्सरीतून खात्री करून घेतलेलं रोप चार वर्षं वाढवलं आणि ते आसुपालव निघालं. त्यामुळे रोप घेताना कसं ओळखायचं ते नीट लिहितो:

आसुपालवाचं पान साधं, लांब, भाल्यासारखं, कडा नागमोडी, फांदीवर एकेक सुटं. सीता अशोकाचं पान संयुक्त, म्हणजे एका मधल्या दांडीवर समोरासमोर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही, जोडीच. आता लहान रोपात घोळ होतो कारण एकेक पर्णिकाच वीतभर लांब असते आणि तीच पान वाटते. तेव्हा बगल बघायची. पान जिथे फांदीला चिकटतं त्या बगलेत बारीकशी कळी असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते. मी आता नर्सरीत गेलो की चष्मा लावून आधी ती बगल बघतो.

रानबी

यात अजून एक भर. हल्ली पिवळ्या फुलांचा एक अशोक विकतात, तोही सीता अशोकाच्याच सराका गटातला पण आग्नेय आशियातला, शास्त्रीय नाव सराका थायपिंजेन्सिस. त्याची पानं खूप मोठी आणि पिवळ्या फुलांचे गुच्छ थेट खोडावर. शोभेला सुंदर आहे, पण तो आपला सीता अशोक नाही, कुणाला औषधी झाड म्हणून लावायचं असेल तर बघून घ्या. आपला तो सराका असोका. जुन्या पुस्तकांत सराका इंडिका लिहिलेलं सापडेल, ते नाव आता जावा वगैरे भागातल्या वेगळ्या जातीला आहे, त्यामुळे जुनं लेबल असेल तर गोंधळू नका.

पायवाट

अरे बापरे. म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या झाडाला अशोक म्हणत होतो. मलाही आता खरा लावायचाय. बी लावावं की कलम?

रानबी

बी! आणि ताजं बी. हे मी जरा जोर देऊन सांगते कारण माझं एक अख्खं वर्ष यात वाया गेलंय.

फुलं फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला, त्यानंतर शेंगा धरतात. शेंग चपटी, कातडी पट्ट्यासारखी, आधी लालसर जांभळी असते आणि पिकली की काळपट होते आणि दोन फाकांमध्ये उकलते. पावसाच्या तोंडाशी आणि पुढे महिनाभर झाडाखाली बिया सापडतात. बी मोठं, चपटं, अंगठ्याच्या पेराएवढं किंवा थोडं जास्तच. मी पहिल्या वर्षी चाळीस बिया गोळा केल्या, स्वच्छ धुतल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि बरणीत भरून ठेवल्या, आपण धान्य ठेवतो तशा. थंडीत पेरल्या. एकही उगवली नाही. एक फोडून बघितली तर आत सुकून तपकिरी झालेली. या बीला वाळणं सोसत नाही, आतलं पाणी गेलं की जीव गेला. जंगलात ती पडते आणि ओल्या पाल्यातच रुजते, तिला थांबायची सवयच नाही.

पुढच्या वर्षी झाडाखालून उचलल्या, त्याच संध्याकाळी पाण्यात टाकल्या, रात्रभर भिजवून सकाळी पेरल्या. माती एक भाग, चाळलेलं पानांचं खत एक भाग, थोडी वाळू. बी आडवं ठेवायचं, वर साधारण बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती, जास्त खोल नाही. पिशव्या सावलीत. मला पहिला कोंब विसाव्या दिवशी दिसला आणि पाचव्या आठवड्यापर्यंत एकेक करत वर येत होत्या, तेव्हा महिना झाला म्हणून पिशव्या ओतून देऊ नका.

पिशवी उंच घ्या, सोटमूळ भराभर खाली जातं. लहान पिशवीत ते तळाला गोल गोल फिरतं आणि असं गुंडाळलेलं मूळ जमिनीत लावलं तरी तसंच राहतं, झाड वर्षानुवर्षं खुरटतं. नर्सरीतून रोप घेतानाही म्हणूनच सगळ्यात उंच रोप घेऊ नका, लहान पिशवीतलं उंच रोप म्हणजे खाली मुळांची गुंडाळी.

ओढ्याकाठी

+१. कलमाचं म्हणाल तर फांदी नुसती खोचून मला कधी यश आलं नाही, गुटी (फांदी झाडावरच असताना तिला मुळं आणणं) मात्र लागते. पावसाळ्याच्या सुरवातीला पेन्सिलपेक्षा जाड फांदी घ्यायची, इंचभर साल गोल काढायची, खालचा बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक घट्ट. माझ्या गुटीला अडीच महिन्यांनी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली. गुटीच्या झाडाला फुलं लवकर येतात, बीच्या झाडाला सहा-आठ वर्षं तरी धरून चाला. पण गुटीला सोटमूळ नसतं, वादळवाऱ्याच्या जागी बीचंच झाड लावावं.

खड्डा दोन फूट लांब रुंद खोल, उन्हाळ्यात खणून तापू द्यायचा, पहिले दोन चांगले पाऊस झाले की लावायचं. दुसऱ्या झाडापासून बारा-पंधरा फूट तरी अंतर असावं. झाड फार उंच जात नाही, वीस-तीस फूट, पण छत्रीसारखं पसरतं आणि खालपर्यंत दाट असतं.

गच्चीबाग

आणि छाटणी करू नका!! मला हे ओरडून सांगावंसं वाटतं. याची फुलं जुन्या लाकडावर येतात, जाड फांद्यांवर, कधी थेट खोडावर. शोभेचं झाड म्हणून लोक गोल आकार द्यायला कात्री चालवतात आणि मग विचारतात फुलं का नाहीत. वाळलेली फांदी काढा, एकमेकीवर घासणारी काढा, तेही फुलोरा संपल्यावर. बाकी त्याचा आकार त्यालाच ठरवू द्या, तो मुळातच देखणा आहे.

मातीतली बोटं

फुलांबद्दल लिहा ना कुणीतरी, मी फक्त फोटोत बघितलीयत.

गच्चीबाग

माझ्या दुसऱ्या रोपाला नवव्या वर्षी आली. गेल्या फेब्रुवारीत खोडावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले, मला वाटलं कीड. पंधरा दिवसांनी तिथे मुठीएवढा नारिंगी गुच्छ होता. जवळून बघितलं तर त्या फुलाला पाकळ्याच नाहीत. आपण पाकळ्या समजतो ती रंगीत निदलं (कळीवरचं बाहेरचं आवरण), चार, आणि त्यातून बाहेर आलेले लांब पुंकेसर, सहासात तरी असतातच, त्यांच्यामुळे गुच्छ असा पिंजारलेला दिसतो. फूल उमलतं तेव्हा पिवळट नारिंगी असतं आणि दिवस जातील तसं लाल होत जातं, म्हणून एकाच गुच्छात पिवळं, केशरी, लाल सगळं एकत्र. वास दिवसा जेमतेम, अंधार पडला की सुटतो, मंद गोड. त्या महिन्यात मी रोज रात्री खुर्ची टाकून त्याच्याखाली बसत होतो. मदनाच्या पाच बाणांत अशोकाचं फूल का आहे ते तिथे बसलं की समजतं.

फुलपाखरी

धागा आवडला, वाचनखूण साठवली. एक विनंती करायला आले. कोवळ्या पालवीवर किंवा कळ्यांवर मुंग्यांची ये-जा दिसली तर लगेच फवारणी करू नका. कॉमन सेरुलियन म्हणून एक फिकट निळं छोटं फुलपाखरू या झाडावर अंडी घालतं, आणि त्याच्या अळ्यांच्या अंगातून गोड द्रव पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. मी भिंगातून बघितलंय, मुंगी मिशांनी अळीच्या पाठीवर टकटक करते आणि इवलासा थेंब वर येतो. चार पानं कुरतडली जातील, झाडाला त्याचं काही नाही. हां, पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा देठाला चिकटलेली तपकिरी खवल्यांची कीड असेल तर ती वेगळी, ती ओल्या कापडाने पुसा किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, दिवसा उन्हात नको, पानं भाजतात. आणि लोंबणाऱ्या कोवळ्या पालवीवर तर नकोच.

पायवाट

औषधी म्हणताय तर उपयोग कसा करायचा? घरचं झाड असेल तर साल काढून काढा करता येईल का?

काढा

मी वैद्य आहे म्हणून उत्तर देते. नका करू.

अशोकाची साल आयुर्वेदात मुख्यतः स्त्रियांच्या विकारांत, जास्त रक्तस्राव, पाळीच्या तक्रारी यांत वापरली जाते. ती तुरट असते, टॅनिन भरपूर. अशोकारिष्ट सगळ्यांना माहीत असतं. पण जास्त रक्तस्राव हे लक्षण आहे, त्यामागे गाठ असू शकते, थायरॉइड असू शकतं, आणखी गंभीरही काही असू शकतं. तपासणी न करता काढा पीत बसलं तर तेवढे महिने हातचे जातात. गरोदरपणात तर आपल्या मनाने मुळीच घेऊ नये. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हे सांगते.

दुसरं सालीबद्दल. बाजारात अशोकसाल म्हणून आसुपालवाची साल मिसळलेली सर्रास सापडते, वर गच्चीबाग यांची रोपात झाली तीच फसगत सालीत होते. आणि खऱ्या सालीला मागणी इतकी की जंगलातली झाडं सोलून सोलून कमी झाली. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत १९९८ पासून ही जात असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे. दुखणं बरं करणारं झाड आपणच असं संपवतोय याचा मला फार त्रास होतो.

ओढ्याकाठी

ताई, अगदी मनातलं बोललात. मी वर ज्या झाडाबद्दल लिहिलं, ओढ्याजवळचं, त्याचीच गोष्ट आहे. एका वर्षी गेलो तर कमरेच्या उंचीवर हातभर रुंद पट्टा चहूबाजूंनी सोललेला. वर झाड हिरवंगार. मला वाटलं वाचेल. पुढच्या पावसाळ्यात पालवीही आली, तीच तांबडी लोंबती, आणि त्याच्या पुढच्या वर्षी गेलो तर उभं वाळलेलं.

पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत जातं ते सालीच्या आतल्या थरातून. गोल पट्टा काढला की ती वाट तुटते. पाणी लाकडातून वर चढतं म्हणून काही दिवस झाड हिरवं दिसतं, पण मुळं उपाशी असतात, त्यांच्यातला साठा संपला की संपलं. म्हणून साल काढायचीच झाली तर वाढलेल्या झाडाची, खोडाला हात न लावता, छाटायच्या फांदीची काढतात किंवा उभ्या अरुंद पट्ट्या काढून मध्ये साल शिल्लक ठेवतात म्हणजे जखम भरून येते. घरच्या एकुलत्या झाडाला मात्र चाकू लावूच नये. माझ्या दोन्ही झाडांना कधी लावला नाही.

पायवाट

समजलं. साल नको. मला आता फक्त झाड हवंय.

मातीतली बोटं

मंडळी, अपडेट द्यायला आले. पाणी थांबवून आज एकोणीस दिवस झाले, मधे फक्त तीनदा घातलं तेही बोट घालून बघून. शेडनेट बांधली, पाचोळा पसरला. पहिले आठ दिवस काहीच झालं नाही, नुसतं लोंबत होतं आणि मी स्वतःला रोज समजावत होते. बाराव्या दिवशी देठाकडून फिकट पोपटी व्हायला लागलं, शिरा आधी हिरव्या झाल्या आणि मधला भाग अजून गुलाबी, इतकं सुंदर दिसत होतं. आज सकाळी गेले तर सगळ्या पर्णिका आडव्या, ताठ, आणि बोटाने टिचकी मारली तर टक्क असा आवाज आला. पाच जोड्या आहेत, मोजल्या. बगलही बघितली, कळी बरोब्बर फांदीजवळ आहे! खालची टोकं जळलेली आहेत तशीच आहेत पण नव्यांना डाग नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, मी एकटी असते तर पाण्याने मारलं असतं.

ओढ्याकाठी

वा! आता पुढची पालवी येईपर्यंत परत काही महिने ते गप्प बसेल, घाबरू नका, याची वाढ अशीच टप्प्याटप्प्याने असते. त्या काळात मुळं काम करत असतात.

रानबी

माझ्या झाडाला यंदा शेंगा भरपूर धरल्यात, अजून जांभळ्या आहेत. पायवाट आणि अजून कुणाला बिया हव्या असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा, पण पिशव्या भरून तयार ठेवा, बी हातात पडलं की त्याच रात्री भिजत घालायचं आहे.

पायवाट

व्यनि केलाय. उंच पिशव्या आणल्या, पानांचं खत चाळून ठेवलं.